छेद कुठून आणणार? वैद्यकीय लोकसंख्याशास्त्रातला पोस्टडॉक आणि दहा पानांचा अर्ज

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेच्या, अर्जासाठी यजमान संस्थेतल्या मार्गदर्शकांशी पहिला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा बहुतेक वेळ एकाच प्रश्नावर गेला. जिल्हानिहाय अर्भकमृत्युदर काढणार म्हणता, मग अंश (मृत्यू) आणि छेद (जिवंत जन्म) कुठून आणणार? शोधनिबंध किती, पीएच.डी. कुठून, हे त्यांनी सीव्हीत वाचलेलंच होतं. वैद्यकीय लोकसंख्याशास्त्रात पोस्टडॉकसाठी अर्ज करायचा असेल तर प्रस्तावाची पहिली ओळ लिहिण्याआधी हा प्रश्न सोडवून ठेवावा. पुढे परीक्षकही तेच विचारतात, फक्त तेव्हा उत्तर द्यायला आपण समोर नसतो.

हा अर्ज होता युरोपीय आयोगाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा, २०२५च्या फेरीचा. युरोपीय फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही, मुदत १२ ते २४ महिने. तिची ‘ग्लोबल’ नावाची बहीण फक्त युरोपीय संघाच्या आणि सहयोगी देशांच्या नागरिकांसाठी किंवा तिथल्या दीर्घकालीन रहिवाशांसाठी असते, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांनी नावाला भुलून तिकडे जाऊ नये. आपल्या विषयाच्या जागा मोजक्याच आहेत: रॉस्टॉकची माक्स प्लांक लोकसंख्या संशोधन संस्था, लंडनचं स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन, व्हिएन्ना, पॅरिसची इनेड, बार्सिलोनाजवळचं लोकसंख्या अभ्यास केंद्र, आणखी चारदोन. ब्रिटन जानेवारी २०२४पासून पुन्हा या कार्यक्रमात असल्यामुळे लंडनही चालतं.

पात्रतेत माणसं अडकतात ती दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पीएच.डी.ची तारीख. या फेरीत शेवटच्या तारखेपर्यंत प्रबंधाची मौखिक परीक्षा यशस्वी झालेली असणं पुरेसं होतं, पदवीदान समारंभाची वाट पाहायची गरज नव्हती. आपल्याकडे व्हायव्हानंतर विद्यापीठ पीएच.डी. जाहीर झाल्याची अधिसूचना काढतं. त्या कागदावरची तारीख आणि व्हायव्हाची तारीख यांत काही आठवड्यांचं अंतर पडू शकतं, म्हणून दोन्हींचे कागद हाताशी ठेवावेत. पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नको. दुसरी अडचण स्थलांतराच्या अटीची. शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. जर्मनीत पीएच.डी. करून लगेच रॉस्टॉकसाठी अर्ज करणारे इथेच गळतात. तेच लोक व्हिएन्नासाठी बिनधास्त अर्ज करू शकतात. हे नियम कार्यक्रमागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचं मार्गदर्शक पुस्तक समोर ठेवूनच पुढे जावं. गेल्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर अजिबात विसंबू नये.

आता त्या छेदाकडे येऊ.

पहिल्या मसुद्यातला विषय असा: महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत अर्भकमृत्यूची विषमता किती आणि ती कमी होते आहे का. डेटा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, म्हणजे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलेल्या एनएफएचएसचा. ऐकायला चोख. पण कागदावर भागाकार करून पाहा. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ला, ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि जिल्हे होते ७०७. जिल्ह्यामागे साधारण हजार स्त्रिया आल्या. मागच्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या फाइलमध्ये २,३२,९२० नोंदी आहेत, म्हणजे जिल्ह्यामागे ३२९. देशाचा अर्भकमृत्युदर त्या फेरीत हजार जिवंत जन्मांमागे ३५.२. गुणाकार केला की सरासरी जिल्ह्याच्या वाट्याला पाच वर्षांत साडेअकरा अर्भकमृत्यू येतात. साडेअकराचं वर्गमूळ ३.४ (अशा मोजणीतली प्रमाणत्रुटी तेवढी धरतात), त्याची साधारण दुप्पट ६.७. खरा आकडा ५ ते १८ यांच्यात कुठेही असू शकतो. दराच्या भाषेत हजारी १५ ते ५६. तामिळनाडूपासून उत्तर प्रदेशपर्यंतचा सगळा पल्ला एका जिल्ह्याच्या त्रुटीत मावला! शिवाय सॅम्पल गावागावांच्या झुबक्यांतून घेतलेलं असल्यामुळे प्रत्यक्षात ही फट आणखी रुंद. महाराष्ट्रात तर जन्मही कमी (एकूण जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.७) आणि अर्भकमृत्युदरही देशापेक्षा कमी, त्यामुळे अंश आणखीच आक्रसतो.

हे गणित पाठ्यपुस्तकी आहे, पण पीएच.डी. संपवलेल्या कितीतरी लोकांनी ते आपल्याच विषयावर कधी करून पाहिलेलं नसतं. सॉफ्टवेअर जिल्ह्याचा दर तीन दशांशांपर्यंत छापतं आणि आपण नकाशा रंगवून मोकळे होतो.

यातून सुटायच्या वाटा तीन. जिल्हे सोडून सहा महसुली विभागांवर यायचं. छेद भरतो, पण विषयातला जीव जातो. दुसरी वाट, चौथी (२०१५-१६) आणि पाचवी फेरी एकत्र करायची. तिसरी, लहान क्षेत्रांसाठीची मॉडेल वापरायची, म्हणजे ज्या जिल्ह्याकडे माहिती तोकडी त्यानं शेजारच्या जिल्ह्यांकडून आणि साक्षरता, संस्थात्मक प्रसूती अशा सहचलांकडून (मृत्युदराशी संबंध असलेल्या घटकांकडून) उसनवारी करायची. शेवटी दुसरी आणि तिसरी मिळून ठरली. उसनवारीत धोका असा की खरोखर वेगळा असलेला जिल्हा शेजाऱ्यांसारखा दिसू लागतो. गडचिरोलीचं चंद्रपूर होतं. म्हणून मॉडेलचे जिल्हानिहाय आकडे बेरजेत राज्याच्या थेट आकड्याशी जुळतात का, आणि एकेक जिल्हा मुद्दाम वगळून मॉडेल चालवलं तर काय होतं, या दोन तपासण्या प्रस्तावात आधीच लिहून टाकल्या.

फेऱ्या एकत्र करतानाही दोन खड्डे आहेत. एक पालघरचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला, पण चौथ्या फेरीनं २०११च्या जनगणनेतले ६४० जिल्हे धरले होते. त्या फेरीत पालघर ठाण्याच्या पोटातच आहे. पाचवीत तो स्वतंत्र येतो. दोन्ही फेऱ्या जशाच्या तशा जोडल्या तर ठाण्याचा दर पाच वर्षांत झपकन सुधारलेला दिसेल, आणि त्यामागे आदिवासी तालुके हिशोबातून निघून गेले एवढंच कारण असेल. पाचव्या फेरीतही ठाणे-पालघर पुन्हा एकत्र करावे लागतात. दुसरा खड्डा वेटचा, म्हणजे सॅम्पलमधल्या प्रत्येक नोंदीला दिलेल्या वजनाचा. फाइलमधलं वेट दहा लाखांनी भागायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ही वेट प्रत्येक फेरीत अशी बेतलेली असतात की त्यांची बेरीज त्या फेरीच्या सॅम्पलइतकीच होते. दोन फेऱ्या नुसत्या एकाखाली एक चिकटवल्या तर कोणत्या फेरीचं वजन किती, हे लोकसंख्येऐवजी सॅम्पलचा आकार ठरवतो. त्या त्या वर्षाच्या स्त्रियांच्या संख्येनं वेट पुन्हा वाढवून घ्यावी लागतात. आणि ती संख्या आणायची कुठून? शेवटची जनगणना २०११ची. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७. तोवर आपण सगळे २०११वरून पुढे ताणलेल्या प्रक्षेपणांवर चालतो, आणि परीक्षकाला ते ठाऊक असतं. लपवण्यापेक्षा जोखमीच्या तक्त्यात पहिल्याच ओळीत लिहावं.

विषय थेट मृत्यूच्या कारणांकडे वळवला तर छेदाचा त्रास कमी होईल, असं काहींना वाटतं. होतो उलटाच. वैद्यकीय दाखला मिळालेले मृत्यू २०२०मध्ये देशातल्या नोंदणीकृत मृत्यूंच्या २२.५ टक्केच होते. गोव्यात जवळपास प्रत्येक मृत्यूला दाखला असतो, मोठ्या उत्तरेकडच्या राज्यांत फारच थोड्यांना. शिवाय दाखल्यावर काय लिहिलेलं असतं तेही पाहायला हवं. रुग्णालयातल्या मृत्यूचा नमुना ४ उघडा. ‘क’ ओळीत तात्कालिक कारण, ‘ख’ आणि ‘ग’मध्ये त्यामागची साखळी, आणि मूळ कारण सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीत असायला हवं. प्रत्यक्षात ‘क’मध्ये ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडली’ असं लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडलेले कितीतरी फॉर्म सापडतात. मरताना प्रत्येकाचंच हृदय बंद पडतं. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला बॉडी नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची घाई असते, साखळी लिहायला कोणी शिकवलेलं नसतं, आणि कोडिंग करणाऱ्याच्या हातात मग निरुपयोगी कोड उरतो. हा विषय पोस्टडॉकसाठी उत्तम आहे, पण त्याचा प्रस्ताव कारणांवर बेतण्याऐवजी दाखल्याच्या दर्जावर बेतावा लागतो.

डेटा हातात येणं हे वेगळंच प्रकरण. एनएफएचएसच्या फाइल बरेच जण अमेरिकेच्या निधीवर चालणाऱ्या डीएचएस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून घेत. फेब्रुवारी २०२५मध्ये तो निधी थांबला आणि नव्या मागण्या अडकून पडल्या. ज्यांनी आधी फाइल उतरवून ठेवल्या होत्या त्यांचं काम चालू राहिलं. म्हणून प्रस्तावात ‘डेटा उपलब्ध आहे’ असं मोघम लिहू नये. कोणती फाइल, कोणत्या परवानगीनं, कोणत्या तारखेला हातात आली, आणि त्या परवानगीत हाच प्रकल्प बसतो का, हे लिहावं. परवानगी प्रकल्पागणिक असते, माणसागणिक नाही. गावांचे अक्षांश-रेखांश वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट. गोपनीयतेसाठी ते मुद्दाम हलवलेले असतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाचपर्यंत आणि खेड्यांतल्या एक टक्का ठिकाणी दहापर्यंत. त्यांवरून प्राथमिक आरोग्य केंद्राचं अंतर मोजून ‘तीन किलोमीटरपलीकडे मृत्यू वाढतात’ असा निष्कर्ष काढणारे प्रस्ताव अजून येतात.

अर्ज कोणत्या पॅनेलकडे टाकायचा यावर आम्ही गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. जीवशास्त्रांचं एक पॅनेल, सामाजिक शास्त्रांचं दुसरं, आणि आपला विषय बरोब्बर कुंपणावर. कुठे गर्दी कमी याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही, कारण पैसा पॅनेलकडे आलेल्या अर्जांच्या प्रमाणातच वाटला जातो. खरा फरक परीक्षकांचा पडतो. हिमोग्लोबिन, रक्तदाब, मृत्यूचं कारण हे प्रस्तावाच्या केंद्रस्थानी असेल तर जीवशास्त्रं. शिक्षण, जात, स्थलांतर, विषमता असेल तर सामाजिक शास्त्रं. पॅनेलखालोखाल महत्त्वाचे ते सूचक शब्द, कारण त्यांवरून परीक्षक नेमले जातात. पहिल्या सूचक शब्दात ‘लोकसंख्याशास्त्र’ नसेल तर आयुर्मान-सारणी (वयागणिक मृत्यूंवरून आयुर्मान काढायचा तक्ता) कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हाती अर्ज जाऊ शकतो.

मुख्य भाग दहा पानांचा. अक्षर किमान ११ पॉइंट, तक्त्यांत ८ चालतं. अकरावं पान परीक्षकाला दिसतच नाही. गुणांची वाटणी उत्कृष्टतेला ५०, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २० टक्के. पानांची वाटणीही साधारण तशीच पडते, पाच-साडेपाच, तीन, दीड. बहुतेकांचे गुण जातात ते पद्धतीच्या भागात नव्हे, ज्या भागांना आपण भरताड समजतो तिथे.

त्यातला एक भाग ज्ञानाच्या दुहेरी देवाणघेवाणीचा. यजमान तुम्हाला काय शिकवणार ते सगळेच लिहितात. तुम्ही यजमानाला काय शिकवणार, इथे लोक ‘भारतीय संदर्भाची जाण’ असं लिहून पुढे जातात. आमच्या अर्जात या जागी माहेर आलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाई सातव्या-आठव्या महिन्यात लातूरहून नांदेडला जाते, बाळ तिथे जन्मतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दोघं परत येतात. अर्भकमृत्यू बहुतांश पहिल्या २८ दिवसांतले. त्यामुळे मृत्यू घडतो माहेरच्या जिल्ह्यात, आणि जन्मइतिहास विचारला जातो सासरच्या घरी, कधी दोन वर्षांनी. मग तो मृत्यू कोणत्या जिल्ह्याच्या दवाखान्याच्या नावावर मांडायचा? सर्वेक्षण तो मुलाखतीच्या जिल्ह्यात मोजतं, नागरी नोंदणी घटना घडली त्या ठिकाणी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोण खोटं असा वाद घालण्यात अर्थ नाही, छेदच वेगळे आहेत. पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राची आरोग्य व लोकसंख्या निरीक्षण यंत्रणा २००२पासून गावागावांतल्या माणसांचं येणं-जाणं नोंदते. तिथे व्यक्ति-वर्षांच्या (किती माणसं किती काळ निरीक्षणात होती याच्या) हिशोबात बाई माहेरी गेली ते दिवस कुठे धरायचे, हा रोजचा प्रश्न असतो. मार्गदर्शकांना हे नवं होतं. परीक्षकांच्या अहवालात कौतुकाचं ठोस वाक्य आलं ते याच परिच्छेदाबद्दल.

वृद्धांच्या आरोग्यावर, लासी या भारतातल्या वार्धक्याच्या सर्वेक्षणावर काम करणाऱ्यांकडेही असंच भांडवल असतं. वय साठ, पासष्ट, सत्तर या आकड्यांवर गोळा झालेलं असतं. ते व्हिपलच्या निर्देशांकानं मोजता येतं, पण वय कसं काढलं जातं हे युरोपातल्या सहकाऱ्याला सांगावं लागतं. पानशेत फुटलं तेव्हा शाळेत होता का, कोयनेच्या भूकंपाला लग्न झालं होतं का, बहात्तरच्या दुष्काळात मोठी मुलगी केवढी होती. १९६१, १९६७, १९७२ अशा खुंट्या ठोकून मग वय टांगायचं.

अंमलबजावणीच्या भागात गँट चार्ट (कोणतं काम कोणत्या महिन्यात याचा तक्ता) हवाच, आणि तो दहा पानांतच बसवायचा. २४ महिन्यांत तीन शोधनिबंध लिहिण्याचं वचन देऊ नये. डेटा साफ करायला सहा महिने जातात हे ज्याला माहीत आहे तो दोनच लिहितो. भारतातल्या संस्थेत काही महिने घालवायचे असतील तर ते एकूण काळाच्या एक तृतीयांशापर्यंत चालतं. मात्र तिथे रक्ताचे नमुने किंवा नवं क्षेत्रकाम येत असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीशिवाय आयसीएमआरकडच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. ती कामाच्या वेळापत्रकात न दाखवणं ही हमखास दिसणारी चूक. नावं काढून टाकलेला जुना डेटा असेल तर संस्थेचं सूट दिल्याचं पत्र पुरतं, तेही आधीच मागून ठेवावं.

वेळेचं गणित उलटं मांडावं. २०२५ची शेवटची तारीख १० सप्टेंबर, ब्रसेल्सचे संध्याकाळचे पाच, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. युरोपात ऑगस्टभर मार्गदर्शक सुट्टीवर. ते परततात तेव्हा आपल्याकडे गणपती बसलेले असतात. त्या वर्षी २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. म्हणजे खरा शेवटचा मसुदा जुलैतच द्यावा लागतो, आणि मार्गदर्शकांना पहिली ई-मेल जानेवारी-फेब्रुवारीत. कित्येक संस्था एप्रिल-मेमध्ये आपापसांत निवड करून मोजक्याच उमेदवारांना पाठिंबा देतात, त्यामुळे जूनमध्ये लिहिलेल्या मेलला गोड नकार येतो. मेल लहान असावी: प्रश्न काय, डेटा कोणता आणि हातात आहे का, त्यांच्याच संस्थेत का. वरचं साडेअकरा मृत्यूंचं गणित तीन ओळींत दिलं तर उत्तर हमखास येतं, असा आमचा अनुभव आहे.

पोर्टलवर अर्ज उघडतो मार्गदर्शक, उमेदवार नव्हे. सादर करण्याचं बटणही त्यांच्याकडेच. मुदत संपेपर्यंत कितीही वेळा नवी आवृत्ती चढवता येते आणि शेवटची धरली जाते, म्हणून आठवडाभर आधीच एक पूर्ण आवृत्ती चढवून ठेवावी.

निकाल फेब्रुवारीत. २०२५ला १७,०५८ अर्ज आले, आदल्या वर्षी १०,३६० होते, त्यामुळे नकार गृहीत धरून चालावं. मात्र अहवाल नीट वाचावा. त्यातली उणिवांची वाक्यं छापील वाटतात, पण प्रत्येक वाक्य एका उपविभागाशी बांधलेलं असतं आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती तिथेच करायची असते. ७० टक्क्यांच्या खाली गुण असतील तर त्याच यजमानाबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही, हाही नियम या फेरीत होता. निवड झाली तर पगाराचा जाहीर आकडा पाहून घरी फोन करू नये. तो मालकाला येणारा एकूण खर्च असतो. देशाच्या गुणकानं तो कमी-जास्त होतो, मग त्यातून मालकाचा आणि आपला असे दोन्ही सामाजिक विम्याचे हप्ते जातात, त्यानंतर कर. कुटुंबभत्त्यासाठी आणि जोडीदाराच्या व्हिसासाठी लग्नाची नोंदणी लागते. आपल्याकडे पत्रिका, फोटो आणि व्हिडिओ असतो, नोंदणी राहून गेलेली असते. ती गावाकडे ग्रामसेवकाकडे आणि शहरात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात होते, साक्षीदार तीन लागतात.